अतिवास्तववाद : स्वप्न आणि विद्रोह

मराठीच्या वर्गात अतिवास्तववाद बहुधा एका टिपेपुरता येतो. वितळणारी घड्याळे, विसंगत प्रतिमा, फ्रॉइडचे नाव आणि न कळणारी कविता एवढे सांगितले की टीप संपते. पोट भरलेल्या माणसांनी फावल्या वेळात केलेली ही एक चूष होती, असा विद्यार्थ्याचा समज होतो. चळवळीत वावरणाऱ्या कार्यकर्त्यालाही ती आपल्या कामाची वाटत नाही. हा समज तपासून पाहिला पाहिजे. या वादाच्या मुळाशी एक नकार आहे, आणि हा नकार गुलामांच्या वंशजांच्या हाती गेला तेव्हा त्याला वेगळीच धार आली.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) युरोपातील लाखो तरुण खंदकांत मेले. ज्या राष्ट्रांनी त्यांना मरायला पाठविले, ती विज्ञान, विवेक आणि संस्कृती यांचा वारसा मिरविणारी राष्ट्रे होती. या ढोंगाची चीड येऊन १९१६ साली झुरिक येथे ह्यूगो बाल, त्रिस्ताँ त्झारा आदींनी ‘दादा’ ही चळवळ सुरू केली. प्रस्थापित कलेची, भाषेची, सभ्यतेची त्यांनी यथेच्छ टवाळी केली. मात्र नुसत्या टवाळीवर फार काळ जगता येत नाही. मोडतोडीनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर पॅरिसमधील काही तरुण कवी शोधू लागले. आंद्रे ब्रेताँ हा त्यांचा म्होरक्या. तो वैद्यकाचा विद्यार्थी होता. युद्धकाळात मनोरुग्ण सैनिकांच्या रुग्णालयात काम करताना त्याने त्यांची असंबद्ध बोलणी ऐकली होती, फ्रॉइडचे विचारही त्याला तेथेच जवळचे झाले. त्या बोलण्यात त्याला वेडापेक्षा दडपलेल्या सत्याचा आवाज अधिक ऐकू आला.

१९१९ साली ब्रेताँ आणि फिलिप सुपो यांनी एक प्रयोग केला. काय लिहायचे हे न ठरविता, चांगले-वाईट न पाहता, मनात येईल ते वेगाने लिहीत जायचे. याला स्वयंचलित लेखन म्हणतात. मनाच्या दारावर सभ्यतेने बसविलेला पहारेकरी क्षणभर बाजूला सारणे, हा त्यामागचा हेतू होता. गियोम अपोलिनेर या कवीने १९१७ मध्ये वापरलेला ‘अतिवास्तव’ हा शब्द त्यांनी उचलला आणि १९२४ साली ब्रेताँने पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला. जाग आणि स्वप्न या दोन्हींना सामावणारे एक अधिक व्यापक वास्तव आहे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. वास्तवाकडे पाठ फिरविणे असा ‘अति’चा अर्थ येथे नाही. ज्याला आपण वास्तव म्हणतो ते अपुरे आहे, त्यातील पुष्कळसा भाग कोणीतरी झाकून ठेवला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांची प्रतिमाही यातूनच आली. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की वाचकाच्या सवयीला तडा जातो. चित्रकारांनी हेच रंगांत केले. साल्वादोर दालीची मऊ पडलेली घड्याळे (१९३१) पाहताना, ज्या काळाला आपण कठोर आणि अटळ मानतो त्याचीच शंका येऊ लागते.

हे लोक केवळ स्वप्नात रमले असेही नाही. १९२५ मध्ये फ्रान्सने मोरोक्कोतील रिफ जमातींविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्यांनी त्याचा जाहीर निषेध केला. १९२७ मध्ये ब्रेताँ, लुई आरागाँ, पॉल एल्युआर प्रभृती कम्युनिस्ट पक्षात गेले. पुढे पक्षाशी त्यांचे बिनसले. १९३१ साली पॅरिसमध्ये वसाहतींचे भव्य प्रदर्शन भरले. त्यात वसाहतींतील जिवंत माणसे शोभेसाठी मांडली होती. हे प्रदर्शन पाहू नका, असे पत्रक अतिवास्तववाद्यांनी काढले आणि कम्युनिस्टांबरोबर वसाहतींचे सत्य सांगणारे प्रतिप्रदर्शन भरविले. अर्थात त्यांच्याही मर्यादा होत्या. स्त्री त्यांच्या लेखनात बहुतेक वेळा पुरुषाच्या स्वप्नाची वस्तू म्हणूनच आली, आणि दालीसारख्यांच्या हाती पुढे हा विद्रोह बाजारात विकला गेला.

आता कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीकडे वळू. तेथील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना. गुलामांच्या नातवंडांना शाळेत फ्रेंच आणि फ्रान्सचा इतिहास शिकविला जाई. घरची क्रेओल बोली हीन ठरे. आपली कातडी, आपली भाषा, आपले पूर्वज यांची लाज वाटायला लावणारे हे शिक्षण होते. या बेटावरील काही विद्यार्थ्यांनी १९३२ मध्ये पॅरिसमध्ये एका नियतकालिकाचा एकमेव अंक काढून अतिवास्तववादाशी नाते जाहीर केले. त्याच सुमारास एमे सेझेर (१९१३-२००८) हा तरुण पॅरिसमध्ये शिकत होता. १९३९ साली त्याचे मायभूमीत परतण्यावरील दीर्घकाव्य आले आणि तो गावी परतून शिक्षक झाला.

सेझेरच्या दृष्टीने स्वयंचलित लेखन हा खेळ नव्हता. ब्रेताँच्या मनावर सभ्यतेचा पहारा होता, तर सेझेरच्या मनावर मालकाचा. तो पहारा हटविला की खाली काय सापडते? सेझेरला तेथे आफ्रिका सापडली, गुलामांच्या जहाजांचा आक्रोश सापडला, नाकारलेले स्वत्व सापडले. आपण जे चाचपडत शोधत होतो ते अतिवास्तववादाने हाती दिले, असे त्याने पुढे सांगितले. १९४१ मध्ये त्याने पत्नी सुझान आणि मित्र रने मेनिल यांच्यासह ‘त्रोपिक’ हे नियतकालिक काढले. बेटावर तेव्हा हिटलरधार्जिण्या व्हिशी सरकारची सत्ता होती. त्याच वर्षी नाझींपासून पळताना ब्रेताँ तेथे उतरला आणि मुलीसाठी फीत घ्यायला गेलेल्या दुकानात त्याला हा अंक दिसला. १९४३ मध्ये अधिकाऱ्यांनी ‘त्रोपिक’ बंद पाडले. बंदी उठल्यावर त्याच वर्षी सुझानने लिहिलेल्या लेखात अतिवास्तववाद ही मुक्तीची वाट म्हणून मांडलेली आहे. नारळीची झाडे आणि निळा समुद्र रंगविणारी गोड कविताही तिने ठामपणे नाकारली.

ब्रेताँने सेझेरचा मनापासून गौरव केला. आज एकाही गोऱ्याला जमत नाही तशी फ्रेंच भाषा हा काळा माणूस वापरतो, असे तो म्हणाला. फ्रांझ फॅननने १९५२ मध्ये या स्तुतीतील खोच दाखवून दिली : सेझेर त्याच भाषेत शिकलेला माणूस आहे, मग यात नवल ते काय? ‘असूनही’ या शब्दात दडलेली ही शाबासकी आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मराठीतही ‘गोलपिठा’ (१९७२) मधील नामदेव ढसाळांच्या प्रतिमांना अतिवास्तववादी हे विशेषण लावले जाते. तेव्हा लेबल डकविणाऱ्याला विचारावे की त्या प्रतिमा पॅरिसहून आल्या, की कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून? जे जगणे सभ्य भाषेला असंभव वाटते, तेच एखाद्या वस्तीचे रोजचे वास्तव असू शकते. सेझेरनेही पॅरिसकडून फक्त कुदळ घेतली. जमीन त्याची स्वतःची होती. म्हणून या वादावर टीप लिहिताना घड्याळांबरोबर मार्टिनिकही लिहावे, आणि प्रत्येक दुर्बोध प्रतिमेला एक प्रश्न विचारावा : झाकून ठेवलेले काय ही उघडे करते? जी काहीच उघडे करीत नाही, तिला चूष म्हणायला हरकत नाही.