उन्हाळा आणि घरांतील मत्स्यालय

शतपथ ब्राह्मणांत मनूची कथा आली आहे. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत त्याला एक चिमुकला मासा सांपडला आणि त्यानें आपलें पालन करण्याची विनंति केली. मनूनें त्याला आधीं घटांत ठेविलें, तो वाढल्यावर खड्ड्यांत आणि शेवटीं समुद्रांत सोडिलें. मासा आपलें पाणी स्वतः बदलूं शकत नाहीं; तें पाळणाऱ्यानेंच पाहिलें पाहिजे, हें मनूनें ओळखिलें होतें. आम्हांस तें कळण्यास दोन मासे गमवावे लागले.

आमच्या धाकट्या कन्येच्या हट्टाखातर पुण्यांतील आमच्या घरीं दोन फूट लांबीची काचेची पेटी आली व तींत चार सोनेरी मासे आले. पेटींत सुमारें पन्नास लिटर पाणी मावतें. २०२४ च्या मे महिन्यांत एका दुपारीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडमीट करीत असल्याचें तिनें दाखविलें. उष्णतामापक पाहिला तों पाणी तेहेतीस अंशांवर! आम्हीं घाईघाईनें दोन किलो बर्फ पेटींत ओतला. पांच-दहा मिनिटांत पारा चार अंश उतरला आणि आम्हांस धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन मासे पाण्यावर तरंगत होते.

आमच्या शेजारीं प्राणिशास्त्राचे एक सेवानिवृत्त अध्यापक राहतात. त्यांना हकीकत सांगितली तेव्हां ते म्हणाले, "अहो, बर्फ कशाला घातलात? घरांत माठ ठेवतां ना? त्यालाच विचारावयाचें होतें!"

त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा. मासा उन्हानें जितका हैराण होतो, त्याहून अधिक तो श्वास कोंडल्यानें होतो. वीस अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. तीस अंशांवर तो साडेसातांवर येतो. उलट दहा अंश उष्णता वाढली कीं माशाची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे उत्पन्न घटावें आणि त्याच वेळीं खर्च दुणावावा, तशी ही गत! त्यांतून सोनेरी मासा मूळचा थंड पाण्यांतला. अठरा ते चोवीस अंश त्याला मानवतात. गुरामी किंवा लढाऊ मासा पृष्ठभागीं येऊन हवाहि घेऊं शकतो, म्हणून तो अधिक तग धरतो. आधींच गुदमरलेल्या माशाला आम्हीं चार अंशांचा एकदम धक्का दिला, आणि आमची दयाच त्याच्या जिवावर बेतली.

माठांतील पाणी गार होतें तें बाष्पीभवनामुळें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. हिशेबानें पाहतां पन्नास लिटरांपैकीं अर्धा लिटर पाणी उडालें तर उरलेलें पांच-सहा अंशांनीं थंड व्हावें. खोलीची ऊब सारखी परत शिरत असल्यामुळें प्रत्यक्षांत दोन-तीन अंशांचाच उतार पडतो; परंतु तो हळूहळू पडतो आणि तेवढा पुरतो. याकरितां पेटीचें झांकण काढून वर जाळी बांधावी, नाहींतर मासे बाहेर उडी घेतात. मग टेबलावरच्या लहान पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊं द्यावा. पुणें-नागपुराकडील कोरड्या हवेंत हा उपाय उत्तम चालतो. मुंबई-कोंकणांत हवाच दमट, म्हणून तेथें गुण कमी येतो. तेथें सावली आणि हवेचा पंप यांवर अधिक भिस्त ठेवावी.

पेटी पश्चिमेच्या खिडकीपाशीं किंवा शीतकपाटाला लागून ठेवूं नये. भर दुपारीं तिच्यावरील दिवा बंद असावा. हवेचा पंप दिवसरात्र चालूं द्यावा. रात्रीं पाणवनस्पतीहि प्राणवायु घेतात, म्हणून पहाटेस तो सर्वांत कमी असतो. वीज गेल्यास पेटींतीलच पाणी तांब्यानें उंचावरून पुनःपुन्हा हळुवार ओतावें. अन्न थोडें घालावें. उरलेलें अन्न कुजून अमोनिया होतो व ऊन पाण्यांत त्याचें विष अधिक बाधतें. आटलेलें पाणी रोज भरून काढावें, पण क्षार मागें राहतात म्हणून आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी बदलणेंहि अवश्य आहे. नळाचें पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठीं उघड्या बादलींत दिवसभर ठेवून मग घालावें. अगदींच निकड पडली तर बर्फ झांकणाच्या बाटलींत घालून ती बाटली पाण्यावर तरंगत सोडावी, आणि तासाला एका अंशाहून अधिक उतार पडूं देऊं नये.

कन्येनें आतां पेटीशेजारीं भिंतीवर एक कागद लाविला आहे. २०२५ च्या उन्हाळ्यांत रोज दुपारीं तीन वाजतां पाण्याची उष्णता तिनें त्यावर स्वतः लिहिली. सर्वांत मोठा आंकडा एकोणतीस होता. उरलेले दोन्ही मासे सुखरूप राहिले. मृगाचा पाऊस पडल्यावर आम्हीं तिला विचारलें, "आतां आणखी दोन आणावयाचे का?"

ती कागदाकडे पाहून म्हणाली, "नको बाबा. ह्या पेटींत दोघांनाच नीट श्वास घेतां येतो."