अकलूजहून बार्शी, पुणे की मुंबई? कॅन्सरच्या उपचारांचे ठिकाण नेमके कशावरून ठरते

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की अकलूजमधल्या घरात पहिला प्रश्न 'उपचार कोणता?' हा नसतो, 'जायचं कुठं?' हा असतो. पाहुण्यांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाकडे एक नाव असते.

पर्याय आहेतच. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. पुण्यात मोठी खासगी रुग्णालये आहेत, तर परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून रुग्ण तपासते आहे.

खरा हिशेब फेऱ्यांचा

शस्त्रक्रियेसाठी एकदा लांब जाणे जमते. रेडिएशनचे, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'शेक' घेण्याचे, तसे नाही. ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागते. डॉक्टरांनी २५ वेळा सांगितले, तर पाच आठवडे गेले. मशीनवर काही मिनिटे, बाकी दिवस प्रवासात किंवा भाड्याच्या खोलीत. सोबतच्या माणसाचाही रोज बुडतो. ऊस तोडणीला आलेला असताना हे गणित आणखी अवघड होते. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना आधार देते, पण महिनाभर घर सोडणे सोपे नसते.

म्हणून उपचारांची विभागणी हा मधला मार्ग ठरू शकतो: मोठ्या केंद्रात तज्ज्ञांच्या गटाकडून आराखडा, आणि केमो किंवा रेडिएशन शक्य तितके जवळ. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचा हेतूही हाच, की चांगल्या दर्जाचे उपचार सगळीकडे सारख्याच पद्धतीने व्हावेत. मात्र विभागणी चालेल का, हे आजारावर अवलंबून असते. ते डॉक्टरांनाच विचारावे.

पैसा आणि बोलणे

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय असले म्हणजे झाले, असे नाही. सांगितलेला उपचार तिथे योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राकडे आधी विचारलेले बरे.

डॉक्टर नीट समजावून सांगतात का, याची चौकशी मात्र फारसे कुणी करत नाही. उपचार सुरू झाल्यावर सर्वांत जास्त गरज त्याचीच भासते.

दुसरे मत घ्यायला निघताना रिपोर्टसोबत बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉकही मागून घ्यावेत. ते नसतील तर पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते.