उल्कापाषाण विमानातून नेताना

डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण भारतात जायला निघतात. बॅगा भरताना मुलांचा हट्ट असतो, "हा दगड आजोबांना दाखवायला न्यायचाच!" दगड आकाशातून पडलेला, म्हणजे उल्कापाषाण असेल, तर आजची माहिती जरूर ऐका.

आधी विमानतळावरची तपासणी. लोखंडी उल्कापाषाण साध्या दगडाच्या दुपटीहून जड असतो. एक्स-रेमध्ये तो काळाकुट्ट दिसतो आणि बॅग उघडायला लागते. म्हणून तो आधीच काढून ट्रेमध्ये ठेवा, काय आहे ते सांगा. दगड मोठा असेल तर केबिनमध्ये न्यायला नकारही मिळू शकतो. शेवटचा शब्द तपासणी अधिकाऱ्याचा.

पण खरी अडचण पुढेच आहे. जंगम सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणासाठी ऑस्ट्रेलियात १९८६ चा कायदा आहे. त्यानुसार इथे सापडलेला उल्कापाषाण देशाबाहेर नेण्यासाठी सरकारी परवाना लागतो. हातातली बॅग असो, मोठी बॅग असो की पोस्टाचं पार्सल, नियम एकच. दुकानाची पावती म्हणजे परवाना नव्हे. परवान्याशिवाय नेलात, तर दगड जप्त होऊ शकतो आणि खटलाही भरला जाऊ शकतो.

काही राज्यांत तर सापडलेला उल्कापाषाण आपला नसतोच. पश्चिम ऑस्ट्रेलियात तो सरकारच्या मालकीचा असतो. तो राज्याच्या संग्रहालयाकडे द्यायचा. अॅलिस स्प्रिंग्जहून उलुरूला जाताना वाटेत हेनबरीची उल्काविवरं बघाल. तिथलाही तुकडा उचलायचा नाही, फोटो मात्र हवे तेवढे काढा.

एवढी काळजी कशाला? २८ सप्टेंबर १९६९ रोजी व्हिक्टोरियातल्या मर्चिसन गावाजवळ उल्कापाषाण पडले. त्यांत शास्त्रज्ञांना अमिनो आम्लं सापडली, म्हणजे जीवसृष्टीतल्या प्रथिनांचे घटक! ते तुकडे घराघरांतल्या शोकेसमध्ये गेले असते, तर हे कळलं असतं का?

तेव्हा असा दगड सापडला तर जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि संग्रहालयाला कळवा. त्याला लोहचुंबक लावून बघू नका. त्यातली कोट्यवधी वर्षांपूर्वीची चुंबकीय नोंद पुसली जाते.

आणि आजोबा नागपूरकडचे असतील, तर गोष्ट त्यांच्याकडेच आहे. २२ मे २०१२ ला काटोल परिसरात आकाशातून दगड पडले होते. यंदा दगडाऐवजी हेनबरीचे फोटो न्या आणि काटोलची हकिकत त्यांच्याकडून ऐका. प्रवास सुखाचा होवो!