निकाली कुस्ती व ठरलेली कुस्ती : नियम, संकेत आणि शब्द

कुस्तीचे नियम म्हणजे केवळ बळाच्या वापरास घातलेली मर्यादा नव्हे. लढणारा आणि पाहणारा यांच्यामधील तो एक करार असतो. हा करार कोणत्या शब्दांनी व्यक्त होतो, आणि तो संदिग्ध राहिल्यास त्याचे मोल कोणास द्यावे लागते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम आपल्याकडील मातीची कुस्ती घेऊ. प्रतिस्पर्ध्याची पाठ भूमीस टेकविली की तो चीत झाला. ‘अस्मान दाखविणे’ हा वाक्प्रचार याच स्थितीतून निघाला. उताण्या पडलेल्या मल्लास आकाशच दिसावयाचे. जुन्या पद्धतीत गुणांची मोजदाद नव्हती. दीर्घकाळ झुंजूनही कोणी पडेना, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवीत. म्हणूनच ‘निकाली कुस्ती’ या शब्दाला अर्थ आहे. निकाल लागेपर्यंत लढत चालेल, असे अभिवचन त्यात प्रेक्षकाला दिलेले असते. शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १९१२ साली खुल्या झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सभोवतीच्या उतरत्या बैठकीमुळे मधल्या हौद्यात पाठ टेकली की नाही, हे हजारोंना दिसते. येथे प्रेक्षक हा साक्षीदार आहे.

याच्या उलट टोकाला मेक्सिकोतील व्यावसायिक कुस्ती, ‘लुचा लिब्रे’, उभी आहे. १९३३ साली साल्वादोर लुत्तेरोथ यांनी मेक्सिको शहरात तिची संस्था स्थापिली. पंचांची तीनपर्यंत गणती होईपर्यंत खांदे टेकलेले राहिले की एक डाव संपतो, आणि तीनांपैकी दोन डाव जिंकणारा विजयी ठरतो, अशी तेथील रूढ पद्धत. मल्लांचे दोन वर्ग असतात : नियम पाळणारे ‘तेक्निको’ आणि ते मोडणारे ‘रुदो’. अनेक मल्ल मुखवटा घालतात. तो पणास लावून हरणाऱ्यास मुखवटा उतरवून आपले खरे नाव सांगावे लागते. निकाल बहुधा आधी ठरलेला असतो आणि प्रेक्षकास त्याची जाणीव असते. तथापि त्यास कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण तेथील करार नाट्याचा आहे. प्रेक्षक तेथे साक्षीदार नसून सहभागी आहे.

दोन्ही करार आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. अडचण उद्भवते ती एका कराराचे शब्द दुसऱ्यासाठी वापरल्याने. १९५०च्या दशकात मुंबईत ‘फ्री-स्टाईल’ कुस्त्यांना मोठी गर्दी होई. त्यांच्या जाहिराती आव्हान, पण आणि विजय ही आखाड्याचीच भाषा बोलत. निकाल कोणत्या कराराखाली लागणार, हे मात्र सांगत नसत.

या संदिग्धतेचे उदाहरण म्हणजे हमीदा बानू. जो मला हरवील त्याच्याशी मी विवाह करीन, असे आव्हान त्यांनी १९५४ च्या आरंभी दिले होते. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यास त्यांनी बाबा पहिलवान यांना १ मिनिट ३४ सेकंदांत हरविले. मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन यांना एका मिनिटाच्या आत. परंतु त्यांच्या लढती खऱ्या की लुटुपुटूच्या, हा वाद मिटला नाही. लढतींवरील बंदीविषयी त्यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. बंदी स्त्री म्हणून नव्हे, तर आयोजक नामधारी प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारींमुळे आहे, असे उत्तर मिळाले. दोष आयोजकांचा, संशय मात्र मल्लावर! आमच्या कोपरीहून लोहमार्गाने जवळच असलेल्या कल्याणात त्यांचे उत्तरायुष्य दूधविक्रीत गेले. १९८६ साली त्या निवर्तल्या.

त्यांच्या सामर्थ्याचा निवाडा शब्दांच्या अभ्यासकाने करावयाचा नाही. परंतु एक गोष्ट त्याने ध्यानी घ्यावी. कुस्तीच्या परिभाषेचा कोश रचताना ढाक, कलाजंग, धोबीपछाड अशी डावांची नावे टिपणे पुरेसे होत नाही. ‘चीत’, ‘निकाली’, ‘आव्हान’ हे शब्द कोणी, कोणासमोर, कोणत्या कराराखाली उच्चारले, हेही नोंदविले पाहिजे. अन्यथा कोशात शब्द सापडेल. त्यावर विसंबलेले माणूस मात्र हरवेल.