दुकानासाठी गाळा घेताना : डिपॉझिट देण्याआधी हे तपासा

समाजातील अनेक तरुण नोकरीची वाट न पाहता स्वतःचा व्यवसाय सुरू करत आहेत. त्यामागे बहुतेक वेळा वडिलांच्या निवृत्तीचा पैसा किंवा आईचे दागिने असतात. हे भांडवल सर्वात आधी अडकते ते जागेत. माल चुकला तर बदलता येतो. जागा चुकली तर फर्निचर आणि भाड्यावर गेलेला पैसा परत येत नाही.

वस्तीत की बाजारपेठेत?

आपल्या वस्तीत भाडे कमी आणि माणसे ओळखीची. पण ओळखीबरोबर उधारीही येते आणि गिऱ्हाईक वस्तीपुरतेच राहते. किराणा, पिठाची गिरणी, इस्त्री यांना वस्ती चालते, कारण रोजच्या गरजेसाठी कोणी लांब जात नाही. कपडे, चपला यांना बाजारपेठच हवी. तिथे गिऱ्हाईक चार दुकाने पाहून घेते, त्यामुळे शेजारी तसलीच दुकाने असणे फायद्याचे ठरते. झेरॉक्स आणि अर्ज भरून देण्याचे काम तहसील किंवा कॉलेजजवळ चालते.

जागा पसंत पडली तर सकाळी, संध्याकाळी, रविवारी आणि बाजाराच्या दिवशी तिथे उभे राहून पाहा. माणसे थांबतात की नुसती पुढे जातात? गाडी लावायला जागा आहे का? पावसाळ्यात पाणी साचते का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा.

भाड्याचा हिशेब

समजा, भाडे महिना १५,००० रुपये आहे आणि दुकान २६ दिवस उघडे राहते. म्हणजे रोजचे भाडे सुमारे ५७७ रुपये. मालावर २० टक्के सुटत असतील तर फक्त भाडे निघायला रोज सुमारे २,९०० रुपयांची विक्री हवी. वीजबिल, पगार आणि घरखर्च त्यानंतर. एवढी विक्री होईल असे वाटत नसेल तर ती जागा सोडा.

कागदपत्रे

गाळा मालकाच्याच नावावर आहे का, व्यावसायिक वापराला परवानगी आहे का, घरपट्टी किंवा वीजबिल थकले आहे का, हे पाहा. इमारत सोसायटीची असेल तर ना-हरकत पत्र मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तोंडी शब्दावर किंवा नुसत्या स्टॅम्प पेपरवर डिपॉझिट देऊ नका.

कराराची मुदत विशेष पाहा. तीन लाखांचे फर्निचर करायचे आणि करार अकरा महिन्यांचा, हे गणित जुळत नाही. खर्च वसूल होईपर्यंतची मुदत मागा. दरवर्षीची भाडेवाढ, डिपॉझिट परत मिळण्याची तारीख आणि जागा सोडण्याची नोटीस करारात लिहून घ्या.

आडनाव विचारून नकार मिळाला तर

असे अनुभव आजही येतात. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला व्यवसाय करण्यापासून जातीवरून रोखणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. मात्र पुरावा लागतो. म्हणून मेसेज जपून ठेवा, कोण केव्हा काय बोलले ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि वकिलाचा सल्ला घ्या.

एकाच गाळ्यावर अडून बसू नका. किमान तीन जागांचा हिशेब कागदावर मांडा, घरच्यांसमोर ठेवा आणि मगच डिपॉझिट द्या.