नेवाडाचे चौदा टक्के

2006 साली अमेरिकेच्या नेवाडा राज्यात बेरोजगारीचा दर जेमतेम चार टक्के होता. लास वेगासच्या कडेचं वाळवंट घरांच्या वसाहती गिळत चालल्या होत्या आणि राज्यातल्या दर दहा नोकऱ्यांमागे एकाहून अधिक नोकरी बांधकामावर होती. देशात हे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास होतं. उधार पैशावर उभ्या राहिलेल्या त्या तेजीला कुणी तेजी म्हणत नव्हतं. प्रगती म्हणत होते.

मग घरांचे भाव कोसळले. 2012 पर्यंत लास वेगासमधल्या घरांची किंमत साठ टक्क्यांनी उतरली. 2008 च्या ऑगस्टमध्ये ‘एशेलॉन’ या अवाढव्य कॅसिनो-हॉटेलचं काम अर्ध्यावर थांबलं. पुढच्या वर्षी ‘फाँटेनब्लू’ दिवाळखोरीत गेलं. त्याचा मनोरा शहराच्या मुख्य रस्त्यावर तसाच उभा राहिला आणि ते हॉटेल उघडायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मे 2010 मध्ये नेवाडाचा दर 14 टक्क्यांवर गेला. चार वर्षं सर्वाधिक बेरोजगारीचं राज्य म्हणून नाव असलेलं मिशिगन मागे पडलं.

हे चौदा टक्के फार की थोडे? 1982 च्या अखेरीस मोटारींच्या मंदीत मिशिगनने साडेसोळा टक्क्यांच्या आसपासचा दर पाहिला होता. म्हणजे नेवाडाचं संकट इतिहासातलं सर्वांत वाईट नव्हतं. पण मोटारगावचा कामगार निदान घर विकून दुसऱ्या राज्यात जाऊ शकत होता. नेवाडात निम्म्याहून जास्त कर्जदारांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं होतं. विकावं तर वर पदरचे पैसे भरायचे, नाहीतर किल्ल्या बँकेला द्यायच्या.

शिवाय हा दर मोजतो तरी कुणाला? काम नाही, कामाला तयार आहे आणि गेल्या चार आठवड्यांत शोधही घेतला आहे, अशालाच. शोधून थकलेला सुतार त्यात नाही. पूर्णवेळ काम हवं असून आठवड्यातले दोनच दिवस हातोडा धरणारा तर चक्क ‘रोजगारात’ धरला जातो. अशांना मिळवलं की 2010 मधला नेवाडाचा आकडा वीस टक्क्यांच्या वर जातो. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र चौदावरच अडले.

आणखी एक तुलना दशकानंतर मिळाली. एप्रिल 2020 मध्ये करोनाने कॅसिनोंना टाळं लावलं आणि दर 28 टक्क्यांच्याही पुढे गेला, म्हणजे 2010 च्या दुप्पट. पण वर्षभरात तो दहाच्या खाली आला. जुगाराची टेबलं पुन्हा मांडली की पत्ते वाटणारा डीलर परत येतो. घरांच्या पडझडीनंतर चौदावरून पाच टक्क्यांच्या आत यायला मात्र जवळपास सात वर्षं लागली. 2006 मध्ये राज्यात बांधकामाच्या सुमारे 1 लाख 45 हजार नोकऱ्या होत्या. 2019 मध्ये, करोनाच्या आधी, त्या एक लाखाच्याही आत होत्या.