विश्लेषण : २०० तासांत पायलट, कॅप्टनसाठी १५००, मधले १३०० तास येतात कुठून?

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान पकडायचे तर नांदेड गाठावे लागते. तरीही बारावीचा निकाल लागला की वसमत, कळमनुरी, सेनगावच्या मुलांच्या मोबाइलवर ‘दीड वर्षात पायलट व्हा’ अशा जाहिराती दिसू लागतात. जाहिरात अगदीच खोटी नसते. पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो खांद्यावर चार पट्ट्या मिरवणारा कॅप्टन. दीड-दोन वर्षांत तयार होणारा पायलट आणि हा कॅप्टन यांच्यात किमान १३०० तासांच्या उड्डाणाचे अंतर असते. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हे अंतर नीट समजून घ्यायला हवे.

दोन परवाने, दोन आकडे

भारतात वैमानिकांना परवाना देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए. पगार घेऊन विमान चालवायचे तर आधी कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) लागते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण, क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण हवे. या २०० पैकी १०० तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन केलेले असावे लागतात. रात्रीचे उड्डाण, केवळ उपकरणांकडे पाहून केलेले उड्डाण आणि ३०० सागरी मैलांचा लांबचा प्रवास यांच्याही वेगळ्या अटी आहेत.

सीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग हातात असले, की विमान कंपनीत उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसता येते. हा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. डावी खुर्ची कॅप्टनची. तिच्यासाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स (एटीपीएल) बंधनकारक आहे आणि त्याची मुख्य अट आहे १५०० तास. वय किमान २१ वर्षे आणि वेगळ्या लेखी परीक्षाही आहेतच. अनेक जण तास भरण्याआधीच एटीपीएलचे पेपर देऊन ठेवतात. परीक्षा उत्तीर्ण पण तास अपुरे, अशा स्थितीला या क्षेत्रात ‘फ्रोझन एटीपीएल’ म्हणतात.

‘तास’ मोजतात कसे?

विमान हवेत असतानाचीच वेळ मोजतात, असा समज असतो. प्रत्यक्षात उड्डाणासाठी विमान जागेवरून पहिल्यांदा हलले की घड्याळ सुरू होते आणि उतरून पूर्ण थांबले की बंद होते. त्यामुळे धावपट्टीकडे जाण्याची आणि पार्किंगपर्यंत परतण्याची वेळही त्यात धरली जाते. प्रत्येक उड्डाणाची नोंद वैमानिकाच्या लॉगबुकमध्ये होते : तारीख, विमान, कुठून कुठे, दिवस की रात्र, आणि त्या वेळी वैमानिकाची भूमिका काय होती. आता डीजीसीएच्या ‘ई-जीसीए’ प्रणालीवर ई-लॉगबुकही आहे. फेब्रुवारी २०२५ पासून परवानाही मोबाइलवर दाखवता येतो.

यात भूमिकेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कारण १५०० हा केवळ बेरजेचा आकडा नाही.

१५०० च्या आत काय काय?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयसीएओ) जगासाठी ठरवलेला किमान हिशेब साधारण असा :

- एकूण १५०० तास. त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त १०० तास धरता येतात.
- पायलट इन कमांड म्हणून २५० तास. त्यातले किमान ७० स्वतंत्र हवेत. उरलेले कॅप्टनच्या देखरेखीखाली कमांडचे काम करून भरता येतात. किंवा देखरेखीखालचे पूर्ण ५०० तास चालतात.
- रात्रीचे १०० तास.
- उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे ७५ तास. त्यातले जमिनीवरच्या यंत्रावर ३० पेक्षा जास्त नकोत.
- लांबच्या प्रवासाचे २०० तास.

भारताच्या नियमांत काही अटी याहून कडक आहेत. त्यामुळे अर्ज करण्याआधी डीजीसीएचा त्या वेळी लागू असलेला नियम वाचणे आवश्यक.

देखरेखीखालच्या तासांना वैमानिक ‘पी-वन अंडर सुपरव्हिजन’ म्हणतात. को-पायलट उजव्या खुर्चीतच असतो, पण निर्णय तो घेतो आणि शेजारचा अनुभवी कॅप्टन लक्ष ठेवतो. नवा वकील सिनिअरच्या उपस्थितीत स्वतः युक्तिवाद करतो, तसाच हा प्रकार. ही संधी मिळते ती कंपनीच्या विमानात.

मधले १३०० तास

खरी अडचण इथेच आहे. पहिले २०० तास पैसे भरून मिळतात. पुढचे १३०० तास बहुतेकांना नोकरीतच मिळतात.

साधा हिशेब करू. प्रशिक्षणाच्या छोट्या विमानाचा खर्च तासाला १२ हजार रुपये धरला, तरी १३०० तासांचे १ कोटी ५६ लाख होतात. शिवाय छोट्या विमानात एकट्याने कितीही घिरट्या घातल्या, तरी मोठ्या जेट विमानातला दोन वैमानिकांच्या समन्वयाचा अनुभव त्यातून मिळत नाही. म्हणून हे तास पदरचे पैसे घालून भरण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

नोकरी मिळाली तर चित्र पालटते. थकवा टाळण्यासाठी भारतात वैमानिकाला वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. महिन्याला सरासरी ७० तास धरले, तर १३०० तासांना सुमारे १९ महिने लागतात. टाइप रेटिंग, कंपनीचे प्रशिक्षण, सुट्या आणि कमी उड्डाणांचे महिने धरून हा काळ सहज दोन-अडीच वर्षांवर जातो. त्यानंतरही लगेच कमांड मिळेलच असे नाही. एटीपीएल ही कायद्याची किमान अट. कॅप्टन करताना कंपन्या आपले वेगळे आणि बहुधा त्याहून जास्त तासांचे निकष लावतात.

नोकरी मिळाली नाही तर? आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांची पदवी नोकरीविना दोन वर्षे कपाटात पडली, तरी पदवीच राहते. सीपीएलचे तसे नाही. वैद्यकीय तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत संपते, अलीकडच्या उड्डाणाचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे परवाना जिवंत ठेवण्यासाठीच पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्याच वेळी कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. ६० लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८२ हजार ६०० रुपये येतो. हळद-सोयाबीनच्या भरवशावर चालणाऱ्या घराला हे ओझे पेलणारे नाही. तारण म्हणून जमीन दिली असेल, तर प्रश्न सातबाऱ्यापर्यंत जातो.

दुसरी वाट आहे इन्स्ट्रक्टर होण्याची. इन्स्ट्रक्टरचे रेटिंग मिळवून शिकवताना केलेले उड्डाण लॉगबुकमध्ये जमा होते आणि पगारही मिळतो. ही वाट लांबची, पण परवाना चालू राहतो. चार्टर विमाने आणि एअर ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या छोट्या कंपन्यांमध्येही संधी असतात, मात्र जागा मोजक्या.

तास खोटे असले तर?

तासांना इतके मोल असल्यामुळे त्यांत फसवणूकही झाली आहे. २०११ च्या सुरुवातीला गोव्यात एक प्रवासी विमान उतरताना पुढचे चाक आधी टेकले. चौकशीनंतर एटीपीएलसाठी बनावट गुणपत्रिका दिल्याच्या आरोपावरून त्या विमानाच्या वैमानिकाला अटक झाली. त्यानंतर डीजीसीएने हजारो परवान्यांची कागदपत्रे तपासायला घेतली. त्याच काळात राजस्थानातील एका फ्लाइंग स्कूलमध्ये प्रत्यक्ष न उडताच लॉगबुकमध्ये तास दाखवल्याचे प्रकरण पुढे आले.

‘तास लवकर भरून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर सावध व्हा. एकेका तासाची नोंद विमानाच्या आणि इंधनाच्या नोंदींशी ताडून पाहता येते. पकडला जातो तो विद्यार्थी आणि परवाना जातो तोही त्याचाच.

तास म्हणजेच कौशल्य का?

यावर जगात एकमत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. विमानाने वेग घटल्याचा इशारा दिल्यावर कॅप्टनने नेमकी उलटी कृती केल्याचे तपासात दिसले. त्यानंतर अमेरिकेने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून को-पायलटसाठीही एटीपीची अट घातली. तिथे आधी को-पायलट २५० तासांवर रुजू होऊ शकत होता. आता साधारण १५०० तास लागतात. लष्करी वैमानिकांना आणि ठरावीक विद्यापीठांच्या पदवीधरांना काही सवलत आहे.

गंमत अशी, की कोल्गनच्या त्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वर होते. त्यामुळे टीकाकार म्हणतात की तासांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रशिक्षणाचा दर्जा आणि वैमानिकाची विश्रांती यांकडे लक्ष द्या. समर्थकांचे म्हणणे, निदान एक ठोस किमान रेषा तरी हवी. भारत आणि युरोपात आजही को-पायलटला सुमारे २०० तासांच्या परवान्यावर आणि त्यानंतरच्या कडक प्रशिक्षणावर घेतले जाते.

मग वैमानिकांचा तुटवडा कसा?

बातम्यांत एकीकडे ‘वैमानिक मिळेनात’ आणि दुसरीकडे ‘सीपीएलधारक बेरोजगार’ असे दोन्ही वाचायला मिळते. दोन्ही खरे असू शकते, कारण मोठी चणचण असते ती अनुभवी कॅप्टनची. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. विमान कारखान्यातून येते, पण कॅप्टन तयार व्हायला वर्षे लागतात. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. अशा वेळी २०० तासांच्या नव्या पायलटांची रांग कितीही लांब असली, तरी कॅप्टनची रिकामी खुर्ची भरत नाही.

हिंगोलीच्या मुलांनी काय पाहावे?

प्रशिक्षणासाठी राज्याबाहेर जायलाच हवे असे नाही. बारामती, गोंदियाजवळील बिरसी, धुळे, शिरपूर, जळगाव आणि नागपूर इथे प्रशिक्षणाची सोय आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने २०२४ मध्ये प्रशिक्षण अकादमी जाहीर केली. ३४ विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक असा तिचा आराखडा आहे. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत मोफत प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.

पैसे भरण्याआधी या पाच गोष्टी करा :

१. वैद्यकीय तपासणी आधी. क्लास टू आणि नंतर क्लास वन. रंगांधळेपणासारखे कारण फी भरल्यावर कळले, तर पैसे अडकतात.

२. संस्थेची डीजीसीए श्रेणी पाहा. ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या क्रमवारीत ३५ पैकी एकही संस्था ए प्लस किंवा ए श्रेणीत नव्हती. १३ बी आणि २२ सी श्रेणीत होत्या.

३. विद्यार्थी किती, चालू स्थितीतली विमाने किती आणि इन्स्ट्रक्टर किती, हे विचारा. मागच्या तुकडीला २०० तासांसाठी किती महिने लागले, हे त्याच तुकडीच्या मुलांकडून जाणून घ्या.

४. खर्चात टाइप रेटिंग धरा. सीपीएलचा खर्च ५० लाखांच्या आसपास सांगितला जातो; टाइप रेटिंगचे १०-१५ लाख किंवा त्याहून जास्त वेगळे.

५. ‘नोकरीची हमी’ असे म्हटले असेल तर ती लेखी मागा. कोणती कंपनी, कोणत्या अटीवर आणि नोकरी न मिळाल्यास पैसे परत मिळणार का, हे कागदावर हवे.

शेवटचा हिशेब घरात बसून करायचा आहे. सीपीएल हातात आल्यावर दोन वर्षे नोकरी मिळाली नाही, तर हप्ता कोण भरणार? या प्रश्नाला घरात उत्तर असेल, तर पहिल्या २०० तासांसाठी पैसे भरायला हरकत नाही. उत्तर नसेल, तर आधी शिष्यवृत्तीची वाट पाहणे किंवा पदवी पूर्ण करून मग या क्षेत्रात येणे शहाणपणाचे. एटीपीएलसाठी किमान वय २१ आहे. त्यामुळे अठराव्या वर्षीच सही करायची घाई नाही.